पहिले मिनिट

तुम्ही आजवर पुष्कळ परीक्षा दिल्या असतील. सहामाही, वार्षिक, चित्रकलेची, कोणी संगीताचीही दिली असेल. परंतु तुमच्या आयुष्यातील अगदी पहिली परीक्षा कोणती, असे कोणी विचारले, तर तुम्हांला त्याचे उत्तर सांगता येणार नाही. तुमचा जन्म रुग्णालयात झाला असेल, तर ती परीक्षा बहुधा तुमच्या जन्मानंतर एका मिनिटाने झाली आहे. तिला प्रश्न पाच होते आणि प्रत्येक प्रश्नास गुण दोन. आणखी चार मिनिटांनी तीच परीक्षा पुन्हा घेण्यात आली. घरात जुन्या कागदपत्रांच्या पिशवीत तुमच्या जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कार्ड जपून ठेवलेले असेल, तर आईला विचारून ते पाहा. त्यावर 'ॲपगार' ह्या शब्दापुढे दोन आकडे लिहिलेले आढळण्याचा संभव आहे. हा शब्द औषधाचा नव्हे, की यंत्राचाही नव्हे. ते एका बाईंचे आडनाव आहे.

व्हर्जिनिया ॲपगार ह्यांचा जन्म ७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात वेस्टफील्ड ह्या गावी झाला. वडील विमा कंपनीत नोकरीस होते. पण त्यांचे खरे मन रमे ते घराच्या तळघरात. तेथे त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. बिनतारी संदेशाची यंत्रे जुळवावी, दुर्बिणीतून ग्रहतारे न्याहाळावे, हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. घरात संगीतही होते. व्हर्जिनिया लहानपणीच व्हायोलिन वाजविण्यास शिकली आणि ते वाद्य तिने जन्मभर सोडले नाही.

तथापि ह्या आनंदी घरावर एक सावली होती. तीन भावंडांत व्हर्जिनिया धाकटी. एक भाऊ लहानपणीच क्षयाने दगावलेला आणि दुसरा सदैव आजारी. घरात डॉक्टरांची ये-जा नित्याचीच असे. आपण डॉक्टर व्हावे असे ह्या मुलीने केव्हा ठरविले हे कोणास सांगता येत नाही. परंतु शाळा संपविण्यापूर्वीच तिचा निश्चय झालेला होता.

माउंट होल्योक हे मुलींचे नामांकित महाविद्यालय. तेथे तिने प्राणिशास्त्र हा विषय घेतला. घरची सांपत्तिक स्थिती बेताची, म्हणून शिकत असतानाच तिला पडेल ते काम करावे लागे. त्यांतील एक काम मोठे मजेदार होते. प्रयोगशाळेला मांजरांची गरज असे आणि ती पकडून आणण्याचे काम व्हर्जिनियाकडे होते! ह्याशिवाय ती खेळांच्या संघांत होती, वाद्यवृंदात होती, महाविद्यालयाच्या वृत्तपत्रासाठी बातम्याही लिहीत होती. एवढे सारे करून ती अभ्यास केव्हा करी, असा प्रश्न तिच्या शिक्षकांना पडत असला पाहिजे.

१९२९ साली पदवी घेऊन ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. प्रवेश घेऊन महिनाभर लोटतो न लोटतो तोच अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लाखो लोकांचे रोजगार गेले. व्हर्जिनियाने कर्ज काढून शिक्षण पुरे केले. १९३३ साली ती आपल्या वर्गात चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली, तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे चार हजार डॉलरांचे ऋण होते.

तिला शल्यविशारद व्हावयाचे होते. हात कुशल होते, बुद्धी तरतरीत होती आणि कामाचा झपाटा तर विलक्षण होता. परंतु तिचे गुरू डॉक्टर ॲलन व्हिपल ह्यांनी तिला वेगळाच सल्ला दिला. शल्यक्रिया शिकून तयार झालेल्या स्त्रियांना रुग्ण मिळत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. त्यातून तो काळ मंदीचा. तिने भूल देण्याचे शास्त्र शिकावे असे त्यांनी सुचविले. तो सल्ला तिला कटू वाटला असेल. कारण त्या वेळी अमेरिकेत भूल देणे हे डॉक्टराचे मानाचे काम समजले जात नसे. बहुधा परिचारिकाच ते करीत. परंतु व्हिपल ह्यांच्या सल्ल्यात दूरदृष्टीही होती. रोग्यास सुरक्षितपणे भूल देता येत नाही, तोवर शल्यक्रियेचे शास्त्र पुढे सरकणार नाही, हे ते जाणून होते.

व्हर्जिनियाबाईंनी सल्ला मानला आणि मग मागे वळून पाहिले नाही. प्रथम त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या हाताखाली भूल देण्यास शिकल्या. पुढे विस्कॉन्सिन येथे डॉक्टर राल्फ वॉटर्स ह्यांच्या विभागात आणि नंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांनी शिक्षण घेतले. डॉक्टर स्त्रिया शिकावयास येतील अशी कोणाची कल्पनाच नसल्यामुळे त्यांच्या राहण्याची सोयही धड नसे. १९३८ साली त्या कोलंबियाला परतल्या, त्या भूल-विभागाच्या प्रमुख म्हणूनच. वय अवघे २९ वर्षांचे. पुढील अकरा वर्षे त्यांनी तो विभाग वाढविला, शिष्य तयार केले. १९४९ साली त्याला स्वतंत्र मोठ्या विभागाचा दर्जा मिळाला, तेव्हा मात्र त्याचे प्रमुखपद एका पुरुष सहकाऱ्याला देण्यात आले. बाईंना प्राध्यापकपद मिळाले. त्या महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक झालेली ती पहिली स्त्री. मान मोठा होता, पण उभारलेले घर दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचे दुःखही लहान नसते. बाईंनी त्याची तक्रार करीत वेळ दवडला नाही. कारभाराच्या कटकटीतून हात मोकळे झाले होते. ते घेऊन त्या प्रसूतिगृहाकडे वळल्या.

तेथे त्यांना जे दिसले ते समजून घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आईच्या पोटात असताना मूल स्वतः श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू आईच्या रक्तातून, नाळेच्या वाटेने मिळतो. त्याची फुप्फुसे त्या वेळी हवेने नव्हे, तर द्रवाने भरलेली असतात. मूल जन्मास आले की ही नाळेची वाट बंद होते. मग थोड्याच क्षणांत त्या चिमुकल्या फुप्फुसांनी द्रव बाजूस सारून हवा भरून घ्यावयाची असते. बहुतेक मुले हे काम कोणी न शिकविता पार पाडतात आणि टाहो फोडून आपण पोहोचल्याची वर्दी देतात. काहींना मात्र ते साधत नाही. त्यांचे अंग निळे पडते, हातपाय लुळे होतात, हृदय मंदावते. अशा मुलाला श्वासासाठी तत्काळ मदत मिळाली तर ते वाचते. उशीर झाला तर ते मरते, किंवा वाचले तरी प्राणवायूच्या अभावी त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

त्या काळी प्रसूतिगृहात साऱ्यांचे लक्ष आईकडे असे, आणि ते स्वाभाविकच होते. मुलाला एखादी परिचारिका उचलून घेई व कपड्यात गुंडाळी. त्याची प्रकृती कशी आहे हे पाहण्याची कोणतीही ठरलेली रीत नव्हती. एका डॉक्टराला जे मूल ठीक वाटे, तेच दुसऱ्याला चिंताजनक वाटे. अगदीच लहान, निळसर, निपचित असे मूल जन्मले तर ते जगणार नाही असे मानून कित्येकदा त्याच्यासाठी फारशी धडपडही केली जात नसे. १९३० नंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेतील एकंदर बालमृत्यू पुष्कळ कमी झाले होते. पण जन्मल्या दिवशीच दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण फारसे उतरले नव्हते. बाईंच्या मते ह्याचे एक कारण उघड होते. ज्या क्षणी मुलाकडे पाहावयास हवे, त्याच क्षणी त्याच्याकडे कोणी नीट पाहत नव्हते.

१९४९ सालची एक हकीकत सांगतात. रुग्णालयाच्या भोजनगृहात सकाळची न्याहारी चालली होती. एका विद्यार्थ्याने बाईंना विचारले, की जन्मलेल्या मुलाची प्रकृती कशी ठरवावी? बाई म्हणाल्या, ते तर सोपे आहे. आणि त्यांनी जवळ पडलेला कागदाचा तुकडा ओढला. आपापली थाळी उचलून ठेवावी, अशी सूचना त्यावर छापलेली होती. तिच्याच पाठीवर त्यांनी भराभर पाच गोष्टी लिहिल्या आणि त्या करून पाहण्यासाठी तशाच प्रसूतिगृहाकडे धावल्या. त्यांच्या थाळीचे पुढे काय झाले हे हकीकत सांगणारे सांगत नाहीत.

त्या पाच गोष्टी अशा होत्या की त्यांसाठी कोणतेही महागडे यंत्र लागू नये. डोळे, कान, बोटे आणि घड्याळ एवढी सामग्री पुरे. पहिली गोष्ट हृदयाचे ठोके. मिनिटाला शंभराहून अधिक पडत असतील तर दोन गुण, पडत आहेत पण शंभराच्या आत असतील तर एक, आणि मुळीच नसतील तर शून्य. दुसरी गोष्ट श्वास. मूल जोराने रडत असेल तर दोन, श्वास मंद व अडखळत असेल तर एक, श्वासच नसेल तर शून्य. तिसरी गोष्ट अंगातील जोम, म्हणजे मूल हातपाय झाडते, नुसते थोडेसे आखडते, की ओल्या फडक्याप्रमाणे लुळे पडून राहते. चौथी गोष्ट डिवचल्यावर होणारी प्रतिक्रिया. तळपायाला टिचकी मारली किंवा नाकात बारीक नळी घातली तर शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या वा रडणाऱ्या मुलास दोन गुण, नुसते तोंड वेडेवाकडे करणाऱ्यास एक. पाचवी गोष्ट रंग. सर्व अंग गुलाबी असेल तर दोन. धड गुलाबी पण हातपाय निळसर असतील तर एक. सारेच निळे किंवा पांढरेफटक असेल तर शून्य. आपल्याकडील सावळ्या मुलाचा रंग पाहताना ओठ, जीभ आणि तळवे पाहावे लागतात.

एकूण गुण दहा. पैकीच्या पैकी गुण पहिल्या मिनिटास फार थोड्यांना मिळतात, कारण बहुतेकांचे हातपाय काही काळ निळसरच राहतात. तेव्हा तुमच्या कार्डावर आठ किंवा नऊ लिहिलेले दिसले तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. सात किंवा त्याहून अधिक गुण असले म्हणजे मूल बहुधा ठीक असते. चार ते सहा गुण असलेल्यास मदतीची गरज असू शकते, आणि तीन वा त्याहून कमी गुण म्हणजे साऱ्यांनी हातातील काम टाकून धावण्याची वेळ. पाचही गोष्टी सारख्याच मोलाच्या नाहीत, हे बाई जाणून होत्या. हृदयाच्या ठोक्यांवर त्यांचा सर्वांत अधिक भरवसा होता, आणि रंगावर सर्वांत कमी.

बाईंनी एक हजाराहून अधिक मुलांना असे गुण दिले, ते पुढील हकिकतीशी ताडून पाहिले, आणि १९५२ साली आपली पद्धती भूलतज्ज्ञांच्या सभेपुढे मांडली. पुढल्याच वर्षी तिच्याविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांना वरचे गुण मिळाले ती मुले जवळजवळ सारी जगली होती. ज्यांना अगदी खालचे मिळाले त्यांतील पुष्कळ दगावली होती. आधी गुण एकाच मिनिटाने देत. मदत केल्यावर मूल सुधारते की नाही हे कळावे म्हणून पुढे पाचव्या मिनिटाचीही नोंद होऊ लागली. नंतर बारा रुग्णालयांतील १७,२२१ मुलांचा अभ्यास झाला, आणि पाचव्या मिनिटाचा आकडा मुलाच्या पुढील वाटचालीविषयी अधिक सांगतो असे दिसून आले.

ह्या पद्धतीतील एक बारकावा मला फार आवडतो. ज्या डॉक्टराने मुलाला जन्मास येण्यास मदत केली, त्याने गुण देऊ नयेत असे बाईंचे मत होते. अनुभवाने त्यांना कळले होते, की आपल्या हातून जन्मलेल्या मुलाला तो डॉक्टर हात सैल सोडून गुण देतो! म्हणून परीक्षक निराळा हवा आणि त्याची नजर घड्याळावर हवी. असा माणूस नेमला की मुलाजवळ कोणीतरी एक जण उभा असणारच. गुणांच्या कागदाने जे साधले त्यातील निम्मे तरी ह्या उभे राहण्यामुळे साधले असे मला वाटते. एखादे मूल दोन गुणांवर आले की ते दोन गुण लिहून स्वस्थ बसणे कोणासही शक्य होईना. नळी कोठे आहे, प्राणवायू कोठे आहे, हे तेव्हा शोधत बसणे म्हणजे मूल गमावणे. म्हणून ती साधने आधीपासूनच हाताशी मांडून ठेवण्याची शिस्त लागली.

बाई स्वतः ही शिस्त प्रसूतिगृहाबाहेरही पाळीत. त्यांच्या पिशवीत एक लहान चाकू आणि श्वासनलिकेत घालावयाची नळी सदैव असे. रस्त्यात, गाडीत, कोठेही एखाद्याचा श्वास अडला तर साधन नाही म्हणून आपल्या देखत तो मरू नये, एवढाच त्यांचा हेतू.

गुणांनी मूल आजारी आहे हे कळले. पण का, हे कळले नव्हते. त्यासाठी डॉक्टर स्टॅन्ले जेम्स आणि डॉक्टर डंकन होलाडे ह्या सहकाऱ्यांसमवेत बाईंनी नवजात मुलांच्या रक्ताची तपासणी आरंभिली. जन्मतः रक्तात प्राणवायू कमी असणे हे स्वाभाविकच आहे, त्याने काही बिघडत नाही, असा त्या वेळी अनेकांचा समज होता. ह्या तिघांनी दाखवून दिले, की कमी गुणांच्या मुलांच्या रक्तात प्राणवायू फार थोडा आणि आम्ल फार अधिक असते. ती मुले खरोखरच गुदमरत असतात, आणि त्यांना हवा मिळवून देणे हाच पहिला उपाय आहे.

ह्याच शोधात एक अडचणीची गोष्ट उघडकीस आली. त्या काळी आईला भूल देण्यासाठी सायक्लोप्रोपेन नावाचा वायू वापरीत. बाईंचा तो अत्यंत आवडता. त्याच्या वापरात त्यांचा हातखंडा होता. परंतु आकडे सांगू लागले, की ज्या मातांना हा वायू दिला त्यांची मुले अधिक निपचित जन्मतात. स्वतःच्याच कागदावर स्वतःच्या आवडत्या औषधाविरुद्ध साक्ष निघाली. वर्षानुवर्षे आपण जे कौशल्याने दिले तेच मुलांना जड जात होते, हे मान्य करणे सोपे नव्हते. बाईंनी आकडे पुन्हा तपासले, खात्री करून घेतली आणि प्रसूतीच्या वेळी त्या वायूचा उपयोग करणे सोडून दिले.

इतके वाचून तुम्हांला वाटेल की बाई अत्यंत गंभीर असतील. तसे मुळीच नव्हते. त्या बोलत झपाट्याने, चालत झपाट्याने, मोटार तर फारच झपाट्याने हाकीत. वयाच्या पन्नाशीनंतर त्या विमान चालविण्यास शिकल्या. न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाखालून विमान न्यावे अशी त्यांची एक इच्छा होती; ती पुरी झाली नाही, हे एका परी बरेच झाले.

व्हायोलिनची आवड एवढी, की पुढे त्या वाद्ये वाजवून थांबल्या नाहीत. ती घडवू लागल्या. १९५६ साली कार्लीन हचिन्स नावाच्या एक बाई रुग्णालयात आल्या होत्या. त्या विज्ञानाच्या शिक्षिका आणि उत्तम वाद्यकार. ॲपगारबाई त्यांच्या शिष्या झाल्या. रात्री उशिरापर्यंत लाकूड तासणे, खरवडणे चाले. पुढे एकदा हचिन्सबाईंच्या नजरेस रुग्णालयातील टेलिफोनच्या खोलीतली एक फळी पडली. व्हायोला ह्या वाद्याच्या पाठीसाठी ते लाकूड अप्रतिम होते. रीतसर मागितली तर कार्यालयाने नकार दिला. तेव्हा ह्या दोन प्रतिष्ठित स्त्रिया १९५७ साली एका रात्री तशीच रंगविलेली दुसरी फळी घेऊन आल्या. ॲपगारबाई डॉक्टरी पोशाखात बाहेर पहाऱ्यावर उभ्या राहिल्या आणि हचिन्सबाईंनी आत जुनी फळी काढली. पण नवी फळी बसेना. ती थोडी लांब भरली. मग ती स्त्रियांच्या प्रसाधनगृहात नेऊन करवतीने कापण्याची वेळ आली! आवाज ऐकून एक परिचारिका थबकली. दुरुस्तीच्या माणसांना हीच वेळ सोयीची असते, असे काहीतरी सांगून बाईंनी तिला वाटेस लावले. हे कृत्य अनुकरण करण्याजोगे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या फळीतून बाईंनी घडविलेला व्हायोला मात्र सुरेल वाजे.

१९५९ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. कमी गुणांच्या मुलांचा विचार करता करता त्यांचे लक्ष जन्मतःच व्यंग असलेल्या मुलांकडे गेले होते. 'मार्च ऑफ डाइम्स' ह्या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था त्या वेळी हाच प्रश्न हाती घेत होती. मुळात ती पोलिओशी लढण्यासाठी १९३८ साली स्थापन झालेली. १९५५ साली पोलिओची लस हाती आल्यावर तिने आपला मोर्चा जन्मजात व्यंगांकडे वळविला. बाई तेथील विभागप्रमुख झाल्या, आणि गावोगाव, देशोदेशी फिरून पालकांना व डॉक्टरांना समजावून सांगू लागल्या. तोवर अशा मुलांविषयी घरातही उघड बोलण्याची लोकांना लाज वाटे. बाई मात्र सभेत, नभोवाणीवर, दूरचित्रवाणीवर मोकळेपणाने बोलत.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेला ह्या रोगाची मोठी साथ आली. अंगावर बारीक पुरळ उठते आणि थोड्या दिवसांत जाते, म्हणून हा आजार किरकोळ वाटतो. परंतु गर्भवती स्त्रीस तो झाला तर पोटातील मुलाचे डोळे, कान, हृदय ह्यांवर घाला पडू शकतो. त्या साथीनंतर हजारो मुले व्यंगे घेऊन जन्मास आली. १९६९ साली लस निघाली, आणि ती सर्वांनी टोचून घ्यावी ह्यासाठी बाईंनी जिवाचे रान केले. गोवर आणि रुबेला ह्यांची एकत्र लस गोव्यातील शाळांत २०१७ साली आणि महाराष्ट्रातील शाळांत २०१८ साली मोठ्या मोहिमेने टोचण्यात आली. तुमच्यापैकी काहींच्या दंडावरही ती टोचली गेली असेल.

७ ऑगस्ट १९७४ रोजी, ६५ व्या वर्षी, बाईंचे देहावसान झाले. ज्या रुग्णालयात त्यांनी हयात घालविली, तेथेच. १९९४ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे वीस सेंटांचे तिकीट काढले. त्या समारंभात डॉक्टरांनीच वादन केले, आणि वाद्ये होती बाईंनी स्वतःच्या हाताने घडविलेली.

त्यांच्या नावाची मात्र एक गंमत झाली. १९६२ साली डॉक्टर जोसेफ बटरफील्ड ह्यांच्या ध्यानात आले, की रंग, नाडी, तोंडाचे वेडेवाकडे होणे, हालचाल आणि श्वास ह्यांसाठीच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळविली की नेमके बाईंचे आडनाव तयार होते. विद्यार्थ्यांना ते पाठ करणे इतके सोपे झाले, की आपण घोकतो ते कोणा माणसाचे नाव आहे हेच ते विसरले. एकदा बाईंनी आपले नाव सांगितले, तेव्हा ऐकणारी व्यक्ती चकित झाली. ॲपगार म्हणजे एखादी वस्तू असावी असा तिचा समज होता. बाईंना ह्या गोष्टीचे हसू आले.

आज डॉक्टर आणखी एक पाऊल पुढे गेले आहेत. मूल रडले नाही, श्वास घेत नाही असे दिसताच मदत सुरू करावयाची, गुणांसाठी मिनिट भरण्याची वाट पाहावयाची नाही, असा आता नियम आहे. भारतात नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला, त्यात डॉक्टरांना आणि परिचारिकांना हेच शिकवितात. तालुक्याच्या ठिकाणचे एखादे ग्रामीण रुग्णालय डोळ्यांपुढे आणा. आतल्या खोलीत बाळाचा जन्म अजून व्हावयाचा आहे. परिचारिका आधीच बाळाच्या छोट्या टेबलाजवळ आली आहे. वर उष्णतेचा दिवा लावून तिने दोन कोरडी फडकी ऊबेला ठेविली आहेत. नाकातोंडातील स्राव काढण्याची नळी तिने जागेवर आहे ना ते पाहिले. हवा देण्याची पिशवी आणि मुखवटा हाती घेऊन ती पिशवी एकदा दाबून पाहते, हवा येते. मग ती भिंतीवरील घड्याळाकडे पाहते.